तीन पावलांत वाचता येणारा पत्ता

हेमचंद्र टिपणीस या माणसाबद्दल मला पहिल्या दिवशी जो संशय आला तो आजही पुरता फिटलेला नाही. हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे मी त्यांच्याविषयी चार बरे शब्द लिहिले तर ते फुकटात लिहिलेले नाहीत, हे ध्यानात येईल.

मी लालबागला राहतो. दहावी नापास. पण माहिती अधिकाराचे अर्ज लिहून लिहून कायदा शिकलो, आणि आता वकिलालाही दोन गोष्टी ऐकवतो. कुठल्या चाळीत बिल्डर शिरला आणि भाडेकरूंना काही काळंबेरं वाटलं, की मला बोलावणं येतं. चिंचपोकळीच्या त्रिभुवन बिल्डिंगमधून आलं ते बकुळाचं. नावाला बिल्डिंग, खरी तीन मजली चाळ, बहात्तर खोल्या. बकुळा चौपन्न नंबरमध्ये एकटी राहते आणि लालबागला मसाल्याच्या दुकानात मिरच्यांचे देठ खुडते. फोनवर ती एवढंच म्हणाली, "भाऊ, बिल्डरान बोर्ड लावल्यान हा. माझी खोली रवली की गेली, ता काय माका कळणा नाय."

मी जाऊन बोर्ड पाहिला. दरवाजाच्या कमानीवर, दुसऱ्या मजल्याच्या उंचीला, बारा फुटी फ्लेक्स. निळंशार पोहण्याचं तळं, फुगा धरलेली मुलगी, वर टोलेजंग इमारत. आणि सगळ्यात खाली, पांढऱ्यावर राखाडी रंगात, एक ओळ: खोल्यांच्या मोजमापाची मसुदा यादी पाहण्यासाठी व हरकत नोंदवण्यासाठी वेबसाइट अमुक. रविवारी सायंकाळी सहापर्यंत हरकत न आल्यास मोजमाप मान्य आहे असे समजण्यात येईल.

अमुक म्हणजे काय, तर बिल्डरचं पूर्ण इंग्रजी नाव, मग आडवी रेघ, मग तिरपी रेघ, मग फेज, मग आकडे, परत तिरपी रेघ, परत आकडे. मोबाइलच्या कॅमेऱ्याने ओढून ओढून मोजलं. सदुसष्ट अक्षरं! शेजारी स्कॅन करायचा चौकोन होता, काडेपेटीएवढा. तो स्कॅन करायला दुसऱ्या मजल्यावर बांबूला लटकावं लागलं असतं. आणि चौकोन स्कॅन केला की खात्यातले पैसे जातात, एवढंच आमच्या लोकांना माहीत. त्याला कोणी हात लावत नाही.

तो दिवस सोमवार. हातात सहा दिवस.

पत्ता मी तीनदा चुकीचा टाइप केला, चौथ्यांदा यादी उघडली. बकुळाची खोली १४४ चौरस फूट. मी टेप घेऊन तिच्या खोलीत गेलो. सरळ १६० भरली. पुन्हा मोजली, पुन्हा १६०. मग लक्षात आलं, त्यांनी मोरी वगळली होती. कोपऱ्यातली चार बाय चारची मोरी, जिथे बाई आंघोळ करते, भांडी घासते, पाणी भरून ठेवते, ती म्हणे खोलीत धरायची नाही. नवीन घर किती मोठं मिळणार ते जुन्या मोजमापावर ठरणार. म्हणजे आज जी मोरी गेली ती कायमची गेली.

यादी वरून खाली वाचत गेलो. प्रत्येक खोलीला सोळा फुटांची कात्री. फक्त एक सोडून. खोली क्रमांक ३१, हेमचंद्र मोरेश्वर टिपणीस, १६०.

"हे कोण?" मी बकुळाला विचारलं.

"टिपणीसकाका. जाहिरातीवाले. तो वरचो बोर्ड त्यांनीच केल्यानी ना!"

आता सांगा, संशय येणार नाही तर काय होणार? पत्ता असा लावला की वाचता येऊ नये, आणि लावणाऱ्याची मोरी तेवढी शाबूत. मी तडक रे रोडला निघालो.

लाकडाच्या वखारींच्या रांगेत, फ्लेक्सच्या चौकटींसाठी पट्ट्या कापतात तिथे, एका दुकानात टिपणीस बसतात. वय त्रेसष्ट, इस्त्रीचा बुशकोट, दोन पेनं खिशाला. फोर्टच्या एका जाहिरात कंपनीत अठ्ठावीस वर्षं अक्षरं कापून चिकटवायचं काम केलं. कंपनी बंद पडली तेव्हा पन्नाशीत कॉम्प्युटर शिकले आणि इथे आले. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी आत शिरलो, तर त्यांनी मी कोण, कुठला, काही न विचारता एक कागद दूर धरला.

"तीन पावलं चाला. चालत चालत बघा. हं, बस. काय वाचलंत?"

माणूस इतक्या हुकमाने बोलला की मी चाललो. "कराटे क्लास," मी म्हणालो, "आणि खाली काहीतरी डॉट कॉम."

"काहीतरी डॉट कॉम." टिपणीस समोर बसलेल्या बाईकडे वळले. ती प्रिती, कराटे क्लासची मालकीण. "बघा मॅडम. रस्त्यावरचा माणूस तीन पावलं देतो, चौथं देत नाही. तेवढ्यात पत्ता वाचून त्याला पाठ झाला पाहिजे आणि घरी जाऊन बायकोला तोंडी सांगता आला पाहिजे. हे गृहस्थ चांगले शिकलेले दिसतात, यांना जमलं नाही."

शिकलेले म्हणाले म्हणून राग यावा की जमलं नाही म्हणाले म्हणून, ते मला ठरवता येईना. पण माझ्या कामाचं मिळालं होतं.

"मग त्रिभुवनच्या बोर्डाला तुम्ही किती पावलं दिलीत, टिपणीस?"

त्यांचा हात कागदावर थांबला. प्रिती एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघून उठली. "मी उद्या येते काका."

ती गेल्यावर टिपणीस म्हणाले, "पत्ता पार्टीने दिला. जागा पार्टीने सांगितली. मी लावला."

"आणि तुमची मोरी?"

"माझ्या मोरीचं काय?"

मी यादी पुढे सरकवली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. बराच वेळ यादीतली एकच ओळ बघत बसले. बघत होते की बघण्याचं सोंग करत होते, कोण जाणे. मी असली सोंगं पुष्कळ पाहिलीत.

"हे मी मागितलं नव्हतं," ते म्हणाले.

"मागतं कोण हो? मिळतं."

मी आणखी बसलो नाही. गद्दार ठरवायला मला इतकं बास होतं, आणि त्या संध्याकाळी चाळीच्या चौकात मी तसं बोललोही. मोठ्याने. टिपणीस जिन्यातून वर जात होते. त्यांनी मान वळवली नाही.

बिल्डरचा पत्ता वाचता येत नाही तर आपण आपला लावू, असं मी ठरवलं. रस्ता साधा होता: इंटरनेटवर एक नाव विकत घ्यायचं, ते टाइप केलं की माणूस थेट बिल्डरच्या त्या यादीच्या पानावर पोचेल अशी सोय करायची. केली. नाव कुठलं? आमच्या संघटनेचं. लालबाग चिंचपोकळी भाडेकरू हक्क संघर्ष समिती. अकरा वर्षं या नावाने पत्रं लिहिली, मोर्चे काढले, भोईवाडा कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. त्यातला एक शब्द गाळायला मी कोणाच्या बापाला देणार नव्हतो. सगळं जोडून इंग्रजीत लिहिलं, पंचेचाळीस अक्षरं झाली. गुरुवारी सकाळी प्लायवर रंगवून गेटजवळ उभं केलं.

शुक्रवार संध्याकाळपर्यंत हरकती किती? तीन. त्यातली एक बकुळाची, ती मीच भरलेली. गेटवर गजरे विकणाऱ्या कमळाबाई मला म्हणाल्या, "भाऊ, तुमचं ते वाचून होईस्तोवर माझा गजरा सुकतो."

मला घाम फुटला होता, खोटं कशाला सांगू. दोन दिवस उरले होते. घरोघर जाऊन भरावं तर माणसं सकाळी सातला कामावर निघतात ती रात्री नऊला येतात, आणि आली की फोन दुसऱ्याच्या हातात देत नाहीत. तशात टिपणीस समोर येऊन उभे राहिले.

"कोंडीराम, तो बोर्ड काढा तुमचा."

"का? बिल्डरने पाठवलं?"

"मी तीन पावलं चाललो. 'लालबाग' वाचून झालं, तर नळाशी पोचलो होतो."

"ते आमच्या संघटनेचं नाव आहे, टिपणीस!"

"तेच म्हणतोय. लोकांना तुमचं नाव वाचायचं नाहीये. त्यांना त्यांची मोरी हवीय." त्यांनी खिशातून एक चिठ्ठी काढली. "मोरी बहात्तर डॉट इन. मोरी शब्द इंग्रजीत कोणीही लिहिला तरी एकसारखाच लिहितो. बहात्तर आकड्यात. खोल्या किती ते इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मी दुपारी घेऊन ठेवलंय."

"मोरी? आंदोलनाचं नाव मोरी? लोक हसतील!"

"हसू द्या की. हसलेलं विसरत नाहीत."

मला पटलं होतं, म्हणूनच मी जास्त चिडलो. आणि दुसरं म्हणजे माझं डोकं चालू होतं. नाव यांनी घेतलं, म्हणजे किल्ली यांच्याकडे. लोक या नावाने जाणार, आणि ते कुठे पोचणार ते हा माणूस ठरवणार. रविवारी दुपारी यांनी वाट फिरवली तर? हरकत भरल्यासारखं दिसलं आणि पोचलीच नाही तर? मी हे तोंडावर बोललो.

टिपणीस हसले. पहिल्यांदाच. "बरोबर विचारता. मी तुमच्या जागी असतो तर मीही हेच विचारलं असतं." चिठ्ठी उलटी केली. मागे पासवर्ड लिहिला होता. "बदला. आत्ता. मी तोंड तिकडे करतो."

मी बदलला. त्यांनी खरंच तोंड फिरवलं.

"आणि लोकांनी का विश्वास ठेवायचा?" मी म्हणालो. "कुठलं तरी नवीन नाव. उद्या म्हणतील, हाही बिल्डरचाच सापळा."

"म्हणून वर एक ओळ आहे." त्यांनी पिशवीतून गुंडाळी काढून उलगडली. पांढऱ्यावर काळी अक्षरं, वीतभर उंच: *३१ नंबरच्या टिपणीसांची मोरी मोजली. तुमची मोजली का?* आणि खाली तेवढ्याच मोठ्या अक्षरांत पत्ता. बाकी काही नाही. ना फुगा, ना तळं.

मी दोनदा वाचलं. "हे घरी वहिनींना दाखवलंत?"

"कालिंदीने पाहिलं. म्हणाली, नाव घालणारच असाल तर मोठं घाला. बारीक घालायची सवय लागलीय तुम्हाला."

कमळाबाईंना इंग्रजी अक्षरं सुटी सुटी वाचता येतात, बसच्या आणि टॅक्सीच्या पाट्यांवर शिकलेल्या. टिपणीसांनी त्यांना टोपलीसकट चालायला लावलं. "मोरी," बाई म्हणाल्या, "सात, दोन, इन. अगो बाई, मोरीचा कसला बोर्ड लावताय?" आणि तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. टिपणीसांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आता लावायचा कुठे? मी म्हणालो गेटवर. ते म्हणाले, "गेटवर माणूस पळत असतो. चला वर."

प्रत्येक मजल्याच्या गॅलरीच्या टोकाला सामाइक संडास. समोर भिंत, शेवाळलेली, रिकामी. "सकाळी सहा ते आठ इथे रांग असते," टिपणीस म्हणाले. "एका हातात बादली, दुसऱ्यात मोबाइल. माणूस चार मिनिटं उभा, नजर समोरच्या भिंतीवर. अख्ख्या मुंबईत कुठल्या होर्डिंगला चार मिनिटं मिळत नाहीत हो! मी अठ्ठावीस वर्षं असली भिंत शोधत होतो आणि रोज तिच्यासमोरच उभा होतो."

तीन मजले, तीन बोर्ड. मी खिळे धरले, त्यांनी ठोकले.

शनिवारी सकाळी सहाला मी मुद्दाम जाऊन गॅलरीत बसलो. म्हटलं, बघू. रांगेत आठ जण होते, नववे टिपणीस स्वतः, बादली घेऊन, आपल्याच नावासमोर.

बावीस नंबरचा स्वप्नील कुरिअरमध्ये आहे, तोंडाचा सैल. "काय टिपणीसकाका, मोरी मोजली म्हणे तुमची! बिल्डरचे जावई काय तुम्ही?"

"दिसतंय खरं तसं," टिपणीस म्हणाले.

"मग तुमची मोरी भाड्याने द्या ना आम्हाला. आमची तर गेली."

रांग खदखदली. एक म्हातारे मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "चाळीस वर्षं एका जिन्याने चढलो रे हेमचंद्र." टिपणीस मान खाली घालून उभे राहिले. पण हे सगळं होत असताना स्वप्नीलचा अंगठा मोबाइलवर चालत होता. "च्यायला, उघडलं! एकशे चव्वेचाळीस? अरे, माझी एकशे साठ आहे! दादा, पुढे कुठे दाबायचं?"

"खाली. हरकत," मी म्हणालो. "लिही, खोली ३१ ची मोरी धरली, आमचीही धरा."

दुपारपर्यंत एकोणीस झाल्या होत्या. तेव्हा बिल्डरचा विक्रांत आला. तरुण, गॉगल, गळ्यात ओळखपत्र. जाहिरातीचं सगळं हाच बघतो. त्याने पहिल्या मजल्यावरचा बोर्ड पाहिला आणि टिपणीसांना गॅलरीतच गाठलं.

"काका, काय हे? टॉयलेटसमोर? प्रोजेक्टची इमेज काय राहणार?"

"तुमच्या प्रोजेक्टचं नाव मी कुठेच लिहिलेलं नाही, विक्रांत."

"अहो, पण कायद्याने पत्ता आम्ही डिस्प्ले केलाय ना! मोठ्या बोर्डावर आहे की."

"आहे ना. मीच लावलाय."

विक्रांतने आवाज खाली आणला, पण चाळीत आवाज खाली आणून काही उपयोग नसतो. "तुमची रूम तर आपण सांभाळली ना काका? मग?"

चौपन्नच्या दारात बकुळा तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं. "म्हणजे सांभाळूक येत होती! मग माझी कित्याक नाय सांभाळलास, मेल्या?"

तिच्या आवाजाने चार दारं उघडली. विक्रांत गॉगल लावून जिन्याकडे वळला. जाता जाता म्हणाला, "ब्रोशरचं काम दुसऱ्याला देतोय, काका. सॉरी."

"समजलो," टिपणीस म्हणाले.

हेही नाटक असू शकतं, असं तेव्हा माझ्या मनात आलं. दोघांनी मिळून रचलेलं. मी त्या रात्री आणि रविवारी सकाळी पुन्हा, तो पत्ता स्वतःच्या मोबाइलवर टाकून कुठे पोचतो ते तपासलं. दोन्ही वेळा बिल्डरच्याच पानावर, बरोबर यादीवर. बकुळाच्या हरकतीला पोच क्रमांक आला होता, तोही जुळवून पाहिला.

रविवारी सहाच्या ठोक्याला पान बंद झालं. एकसष्ट हरकती. आठ खोल्यांना कुलूप होतं, दोघांना भांडण नको होतं, आणि एकाने शेवटपर्यंत मला दार उघडलं नाही. शेवटची, एकसष्टावी, टिपणीसांची होती. पाच वाजून पन्नास मिनिटांनी भरलेली. तिच्यात लिहिलं होतं: माझ्या खोलीचे मोजमाप इतरांप्रमाणे करावे, किंवा इतरांचे माझ्याप्रमाणे.

बिल्डरच्या वकिलाला त्या वाक्यातून वाट निघेना. मोरी धरायची नाही असा नियम म्हणावा तर ३१ ची का धरली, आणि धरायची म्हणावं तर बाकीच्यांची का नाही. नऊ दिवसांनी पत्र आलं. फेरमोजणी.

त्याच्या पुढच्या मंगळवारी दोन माणसं टेप घेऊन आली. बकुळाने मोरीतल्या बादल्या, पिंप, घासणी, सगळं बाहेर काढून गॅलरीत मांडलं होतं. मोरी कोरडी करून पुसली होती, जणू लग्नाचा हॉल. मी आणि टिपणीस तिच्या दाराबाहेर उभे होतो. बोलायचं म्हणून नाही, पण मला राहवलं नाही.

"एक विचारू? तो पहिला बोर्ड. ते सदुसष्ट अक्षरांचं. तुम्हाला करताना कळत होतं?"

मला वाटलं होतं, म्हणतील नाही. किंवा म्हणतील, पोटासाठी. दोन्हींना माझ्याकडे उत्तर तयार होतं.

"हो," ते म्हणाले. "चांगलं कळत होतं. राखाडी रंग मीच निवडला. अगदी फिका केला असता तर तुम्ही म्हणाला असता, दिसतच नाही. गडद केला असता तर वाचला गेला असता. तक्रार तर करता येऊ नये, पण कोणी वाचूही नये, असा मधला धरायला दोन दिवस लागले. चांगलं जमलंय, असंही वाटलं होतं मला."

ते आत बघत होते, टेपकडे.

शिवी द्यावी की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. हा माणूस उद्या पुन्हा कोणाचा तरी बोर्ड करेल. तेव्हा रंग कुठला निवडेल, ते मी छातीठोक सांगू शकत नाही. मला त्यांच्याइतका हुशार माणूस आमच्या बाजूला हवा, आणि त्यांच्याइतका हुशार माणूस शेजारी उभा असला की मी खिशातला कागद दुसऱ्या खिशात हलवतो. गेल्या महिन्यात मी त्यांना संघटनेच्या बैठकीला बोलावलं. आले. मी त्यांच्या समोरची खुर्ची घेतली, शेजारची नाही.

आतून मोजणीवाला पुटपुटला. लिहिणाऱ्याने लिहून घेतलं आणि वही मिटायला लागला.

"काय लिवलास?" बकुळाने त्याचा हात धरला.

"एकशे साठ, मावशी. मोरी धरून."

"परत मोज," ती म्हणाली. "आणि आकडो मोठ्यान सांग, भायर ऐकाक जाऊ दे."